फोटो हॉल्टची अडतीस मिनिटं

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. सलाउद्दीन शेख धक्क्यावर उकिडवा बसून लाइफ जॅकेटांची बक्कलं तपासत होता. एकूण बावन्न जॅकेटं. त्यातल्या चौदांची बक्कलं लागत नव्हती. नऊ जॅकेटांना नाडीची गाठ मारता येईल, म्हणून ती त्यानं परत ढिगात टाकली. पाच बाजूला ठेवली. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. खिशावर पितळी बिल्ला, त्यावर ‘क्रूझ डायरेक्टर’. हा बिल्ला त्यानं स्वतःच करून घेतला होता.

बोटीचं नाव ‘जलविहार’. ती दिंडोरी तालुक्यातल्या एका धरणाच्या फुगवट्यावर चालते. दोन मजले, पन्नास माणसं, चाळीस मिनिटांची फेरी. काठापर्यंत आलेल्या द्राक्षबागा, मागे डोंगर, मध्ये पाणी. बघण्यासारखं एवढंच, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत बघून होतं. उरलेली तीस मिनिटं सलाउद्दीनची.

सलाउद्दीन एकोणपन्नास वर्षांचा. जुन्या नाशकात चौक मंडईजवळ राहतो. सव्विसाव्या वर्षी वेटर म्हणून परदेशी प्रवासी जहाजावर चढला. काही वर्षांनी वेटरचा कोट उतरवून माइक हातात घेतला. शेवटची चार वर्षं तो क्रूझ डायरेक्टरच्या हाताखाली दुसऱ्या नंबरला होता. क्रूझ डायरेक्टर म्हणजे प्रवाशांचा दिवस आखणारा, त्यांना खेळवणारा, रुसलेल्याला हसवणारा माणूस. त्याच्या वरिष्ठानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, दर दहा मिनिटांनी सगळे चेहरे वाचायचे. जो हसत नाही त्याच्याकडे जायचं आणि त्याला हसवूनच परत यायचं. दोन, अडचण कधी अडचण म्हणून सांगायची नाही. २०२० मध्ये जहाजं बंद झाली, सलाउद्दीन घरी आला, आणि कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

‘जलविहार’चा मालक दीपकशेठ हिशेबी माणूस आहे. बोटीतून उतरताना प्रवाशांनी मोबाइलवर पाचपैकी तारे द्यायचे, अशी सोय त्यानं केली आहे. गेल्या मे महिन्यात त्यानं तीन आठवडे सलाउद्दीनला घरी बसवलं आणि नुसती गाणी लावून फेऱ्या मारल्या. सरासरी आली तीन पूर्णांक चार. नंतरच्या तीन आठवड्यांत माइक पुन्हा सलाउद्दीनकडे दिला. सरासरी चार पूर्णांक सात. बोट तीच, पाणी तेच, उन्हाळाही तोच. त्या दोन आकड्यांवर त्याची नोकरी टिकली. कामगार म्हणून त्याची किंमत इतक्या नेमकेपणानं याआधी कोणी काढली नव्हती. त्यानं ते आकडे घरी बायकोला, आबिदाला, दोनदा सांगितले.

रविवार, ९ नोव्हेंबर. चारची फेरी. देवळाली कॅम्पातला ज्येष्ठ नागरिकांचा गट आला होता, बेचाळीस जण. सव्वाचारला हौजी सुरू झाली. हौजीचे आकडे सलाउद्दीन स्वतःच्या पद्धतीनं पुकारतो. “एकावर एक, नवराबायको, अकरा! सप्तशृंगी गडाची सात!” चार बावीसला इंजिन बंद पडलं. इंजिनाच्या झाकणातून चालक काळूचं डोकं वर आलं. काळू पेठ तालुक्यातला, धरणात मासेमारी करत मोठा झालेला. त्यानं टोपी काढून उलटी धरली. वेळ लागेल, अशी ही दोघांमधली खूण होती. महिन्यातून दोन-तीनदा ती व्हायची.

सलाउद्दीननं माइकवर सांगितलं, “मंडळी, आता आपला खास फोटो हॉल्ट! एवढं सुंदर पाणी दुसरीकडे नाही. इंजिनाचा आवाज बंद, फक्त तुमचा आवाज!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली काळू डिझेलची नळी तोंडानं फुंकून साफ करत होता. हौजी पुढे चालू राहिली. पाऊण तास होत आला तरी कोणी घड्याळ पाहिलं नाही.

इंजिन बंद पडून दहा मिनिटं झाली तेव्हा सलाउद्दीननं शिकल्याप्रमाणे चेहरे वाचले होते. तिसऱ्या रांगेत काळ्या टोपीचे एक गृहस्थ हसत नव्हते. निवृत्ती बोराडे, वय अडुसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी कॅम्पाच्या बाजारात लष्करी गणवेश शिवले होते. सलाउद्दीन त्यांच्याकडे गेला.

“काका, एकही आकडा खोडला नाही! झालं काय?”

बोराड्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. माइक त्यांच्या तोंडासमोर होता.

“काका मौनात आहेत! काकू, घरीपण असेच का?”

शेजारी बसलेल्या यशोदाबाई म्हणाल्या, “घरी याहून गप्प! आज तरी बरे आहेत!”

सगळी बोट हसली. सलाउद्दीन पुढच्या रांगेकडे वळला. त्याच्या हिशेबानं काम झालं होतं. नवरा हसला नसला तरी बायको हसली होती.

पाच वाजता इंजिन सुरू झालं. पाच वाजून सोळा मिनिटांनी बोट धक्क्याला लागली तेव्हा बोराडे उठले नाहीत. यशोदाबाईंना वाटलं, डोळा लागला. शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका निघाला. वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. सांगता येण्याजोगी गोष्ट एवढीच, की धक्क्यावर एक छोटी मोटरबोट असते, ती सात मिनिटांत बोटीपर्यंत पोहोचते, आणि त्या अडतीस मिनिटांत तिला कोणी बोलावलं नाही. फोटो हॉल्टला कोण बोलावणार?

त्या फेरीचे तारे चार पूर्णांक आठ. गट उतरता उतरता भरलेले. एकानं लिहिलं होतं : ‘सरांनी मजा आणली. फोटो हॉल्ट मस्त.’

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. बोट दोन दिवस बंद राहिली, तिसऱ्या दिवशी सुरू झाली. पाचव्या दिवशी सलाउद्दीन आणि आबिदा देवळाली कॅम्पात यशोदाबाईंकडे गेले. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. यशोदाबाईंनी चहा केला आणि गटातल्या कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ दाखवला.

“हे बघा, हितं. त्यांचा डावा हात बघा. बाकाची कड कशी धरली ती.”

सलाउद्दीननं पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. वर त्याचाच आवाज होता, आणि त्यावर हशा.

“तुम्ही हसवलंत म्हणून हसले हो मी,” यशोदाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. “एक विचारू का? बोट मुद्दाम थांबवली होती ना? का काही बिघाड होता? माझा पुतण्या म्हणतो, बिघाड असणार.”

“मुद्दाम, काकू,” सलाउद्दीन म्हणाला. “फोटो हॉल्ट होता.”

तेवीस वर्षांच्या सवयीचं वाक्य. परत येताना रिक्षात आबिदानं विचारलं, “खरंच मुद्दाम होतं?” द्वारका सर्कल आलं तेव्हा ती म्हणाली, “त्या बाईसमोर तुम्ही जहाजावरच्यासारखं बोललात. मला तो आवाज ओळखू येतो.”

गुरुवारी, जॅकेटांची तपासणी चालू असतानाच दीपकशेठ धक्क्यावर आला.

“भाई, उद्या अकराला पोलीस ठाण्यात जबाब. लक्षात आहे ना?”

“आहे, शेठ.”

“नवीन काही सांगायचं नाही. माइकवर बोललास तेच. व्हिडिओत तुझाच आवाज आहे. मी थोडाच तुला फोटो हॉल्ट म्हणायला लावलं होतं?”

“नाही लावलं.”

“मग झालं तर.”

शेठ खरं बोलत होता. त्यानं कधीच लावलं नव्हतं. तो फक्त तारे मोजत होता. इंजिन बंद पडलं त्या प्रत्येक दिवशी तारे चांगले आले होते. काही वेळा नेहमीपेक्षाही चांगले. काळूनं ऑगस्टपासून तीनदा सांगितलं होतं की डिझेलच्या टाकीत गाळ साचलाय, टाकी उतरवावी लागेल, बोट चार दिवस बंद राहील. शेठनं प्रत्येक वेळी ताऱ्यांचा तक्ता काढून दाखवला होता. लोकांची तक्रार नाही तर बोट कशाला बंद ठेवायची?

शेठ गेल्यावर काळू म्हणाला, “भाई, खरं सांगू? तू नसता ना, तर ही टाकी कवाच साफ झाली असती.”

“चेष्टा करतो काय?”

“नाय भाई. लोकांनी बोंब मारली असती. तू मारूच देत नाय.”

अकराच्या फेरीला दिंडोरीकडच्या एका महिला बचत गटाच्या अडतीस बाया होत्या, शिवाय दोन कुटुंबं. गटाच्या पुढारी फुलाबाई चढतानाच म्हणाल्या, “ओ भाऊ, नेती ही बोट. परत आणती का नाय?”

“मावशी, परत आणायचे वेगळे पैसे नाहीत,” सलाउद्दीन म्हणाला, आणि बाया हसल्या.

अकरा एकतीसला इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. काळूचं डोकं वर आलं. टोपी उलटी झाली.

सलाउद्दीनच्या हातात माइक होता. शेहेचाळीस चेहरे त्याच्याकडे वळले होते, अजून हसरे. त्यानं सगळ्यात आधी खिशातून फोन काढून धक्क्यावरची मोटरबोट बोलावली. मग माइक तोंडाशी नेला.

“मावशी, ताई, नीट ऐका. इंजिन बंद पडलंय. डिझेलमध्ये कचरा आहे. बोटीला धोका नाही, पण किती वेळ लागेल मला माहीत नाही. कोणाच्या छातीत, डोक्यात काही होत असेल, कोणाची औषधाची वेळ असेल, तर हात वर करा. लाजू नका.”

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या.

“आता सांगतोस व्हय? तिकीट फाडताना का नाय सांगलं?” फुलाबाई ओरडल्या.

“तेव्हा चालू होतं, मावशी.”

“मंग आता आम्ही पोहत जायचं का?”

“ए फुले, गप. तुला विहिरीत तरी पोहता येतं का?” मागून एक आवाज आला. थोड्या हसल्या, बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं. एका कुटुंबातली लहान मुलगी रडायला लागली. तिचा बाप मोबाइल उगारून सलाउद्दीनचं चित्रीकरण करत म्हणाला, “असं बोलून घाबरवतात का लोकांना? तुम्हाला काही ट्रेनिंग आहे की नाही?”

चार हात वर झाले होते. दोघींना लघवीला जायचं होतं. एकीला मळमळत होतं. चौथी बाई हळूच म्हणाली, “मी शुगरची गोळी घेतलीय, पोटात काही नाही. हात कापायला लागलेत.” सलाउद्दीननं तिला बिस्किटं दिली, सरबत पाजलं आणि तिच्यासमोर बसून राहिला. हौजी झाली नाही. मोटरबोट सात मिनिटांत आली आणि चौघींना घेऊन गेली. इंजिन चोवीस मिनिटांनी सुरू झालं. तोवर उरलेल्या बोटीत भांडण, उन्हाची तक्रार आणि पैसे परत मागायची चर्चा एवढंच होतं.

तारे : एक पूर्णांक नऊ. बोट सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात खालचा आकडा. एका शेऱ्यात लिहिलं होतं : ‘माइकवाला माणूस काढून टाका.’

दीपकशेठनं आकडा पाहिला आणि आवाज न चढवता विचारलं, “हे काय केलंस?”

“इंजिन बंद पडलं, ते सांगितलं.”

“लोक इथे इंजिन ऐकायला येतात का, भाई?” सलाउद्दीन जॅकेटं गोळा करू लागला तेव्हा शेठ म्हणाला, “आणि उद्या ठाण्यातपण हेच सांगणार?”

“हो, शेठ.”

“बिल्ला काढून ठेव मग.”

“बिल्ला माझा आहे.”

दुपारी साडेतीनला नाशिकची बस यायची होती. थांब्यावर उभं राहून सलाउद्दीननं यशोदाबाईंना फोन लावला. आपण कोण ते सांगितलं. त्यांनी तब्येत विचारली.

“काकू, मी तुम्हाला खोटं सांगितलं. बोट मुद्दाम थांबवली नव्हती. बंद पडली होती. अडतीस मिनिटं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं,” यशोदाबाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि तुम्ही त्यांच्यासमोर माइक धरला.”

“हो, काकू.”

फोन बंद झाला. त्यानं पुन्हा लावला नाही. बस चार वाजता आली.

घरी त्यानं जबाब एका कागदावर लिहिला. तारीख, वेळा, काळूची खूण, स्वतःचं वाक्य, काकांवर केलेला विनोद. आबिदानं वाचला. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. ‘प्रवासी शांत होते’ असं तिथे लिहिलेलं होतं. “शांत होते की तुम्ही शांत ठेवले होते?” तिनं विचारलं. त्यानं ती ओळ खोडून दुरुस्त केली.

दीपकशेठकडे एक पेन ड्राइव्ह आहे. सलाउद्दीन आजारी पडला तर असावी, म्हणून ऑगस्टमध्ये त्याच्याच आवाजात चाळीस मिनिटांची एक फेरी रेकॉर्ड करून ठेवली होती. तिच्यात हौजीचे आकडे आहेत आणि बाविसाव्या मिनिटाला फोटो हॉल्टची घोषणा आहे.

उद्या शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सलाउद्दीनला पोलीस ठाण्यात अकरा वाजता बोलावलं आहे. ‘जलविहार’ची पहिली फेरीही अकराला सुटते, तिची चव्वेचाळीस तिकिटं गेली आहेत, आणि स्पीकरला पेन ड्राइव्ह लावायची सूचना काळूला मिळाली आहे.