चारातला एक मेला

दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साठतच जातात. मी मूल नावाच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं, गावात वीज आलेली नव्हती. पण आमचे निम्मे किस्से पेशंटचे नाहीतच. ते डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचे, खरं तर तिच्या चार स्पार्क प्लगचे! इंजिनात ठिणगी पाडणारी बोटाएवढी वस्तू, पण तिनं आम्हाला जे हादरे दिले ते कुठल्या रोगानं दिले नाहीत.

*

पहिल्यांदा प्लग बदलले ते खुद्द डॉक्टरांनी. पुस्तक उघडून, बाह्या सरसावून त्यांनी चारही वायरी एकदम उपटल्या. मग कुठली वायर कुठं, हे काही आठवेना! अंदाजानं लावल्या आणि हँडल मारलं.

फाट्! बंदुकीसारखा बार झाला. आठ दिवस कंबर धरून बसलेला एक म्हातारा ओट्यावरून उठला आणि कुंपणावरून उडी मारून पळाला.

डॉक्टर धुरानं काळ्या झालेल्या तोंडानं म्हणाले, "चला, एक पेशंट तरी बरा झाला!"

*

मग ड्रायव्हर म्हणून दौलतभाऊ आला. त्याची तपासणीची तऱ्हाच न्यारी. इंजिन चालू ठेवून हा प्रत्येक प्लगच्या डोक्याला बोट लावायचा. झटका बसला की म्हणायचा, "हा जिता!" नाही बसला की, "हा मेला!"

"तुला काही होत नाही?" मी विचारलं.

"काऊन होईन? लावून पाहा ना, कंपाउंडरभाऊ!"

मी लावलं. तोवर वीज मी फक्त आभाळात पाहिली होती. पुढचा अर्धा तास मी डाव्या हातानं पुड्या बांधल्या.

*

प्लगच्या टोकाशी दोन काड्यांत बारीक फट ठेवावी लागते. दौलतभाऊ ती तेंदूच्या पानानं मोजायचा. विडीचं वाळकं पान, दोनदा घडी, फटीत सरकवलं की झालं! डॉक्टर भडकले. नागपूरहून मापाची पोलादी पट्टी मागवली, फट मोजली. तंतोतंत! डॉक्टरांनी पट्टी खणात ठेवून दिली.

पुढच्या वेळी ते स्वतःच पानाची घडी घालून बसले. दौलतभाऊनं वाकून पाहिलं.

"साहेब, हे तर पळसाचं व्हय. यावर जेवतेत!"

*

एकदा डॉक्टर बसनं गोंडपिपरीला गेले होते. इकडं मोटार अडली. दौलतभाऊनं तिकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाला निरोप दिला, "साहेबाले सांगजो, चारातला एक मेला. येताना नवा आणा."

माणसाच्या लक्षात पहिलं वाक्य तेवढं राहिलं! आमच्या दवाखान्यात खाटा चार, आणि त्या दिवशी चारही भरलेल्या. डॉक्टर मिळेल त्या ट्रकवर बसून आले ते पांढरेफटक होऊन. धावत खाटांपाशी गेले. चौघंही भात खात होते!

कारण कळल्यावर डॉक्टरांनी दौलतभाऊला बोलावलं. म्हणाले, "दौलत, आजपासून या आवारात प्लग मरणार नाही. बंद पडेल!"

"जिता म्हटलं तर चालते ना, साहेब?"

*

आता शेवटचा. कमला म्हणजे दौलतभाऊची एकुलती एक लेक. तिची मुलगी आज मला आजोबा म्हणते, म्हणून हा किस्सा सांगायची हिंमत होते.

कमलाच्या सासरहून सायकलवर माणूस आला. बाळंतपण अडलं होतं, कालपासून. डॉक्टर बॅग घेऊन निघाले. दौलतभाऊची बायको अनसूयाबाई गाडीत जाऊन बसली. आणि मोटार गचके खाऊन बंद!

दौलतभाऊनं चौथा प्लग काढला. तो काजळीनं भरलेला. माझ्या स्पिरिटच्या दिव्यावर तापवून त्यानं तो खरवडला, तेंदूच्या पानानं फट मोजली, परत बसवला.  

इंजिन सुरू झालं. पण वाटेत जंगलात बंद पडलं तर? चिखलात अनवाणी उभा राहून त्यानं बोट लावलं.

"जिता... जिता... जिता..."

चौथ्याला असा झटका बसला की डोकं बॉनेटवर आदळलं आणि दौलतभाऊ उताणा चिखलात! डोळे मिटलेले. हालचाल नाही.  डॉक्टरांनी बॅग टाकून त्याची नाडी धरली. अनसूयाबाई गाडीतून उडी मारून आली.

"साहेब, जिते हाय ना हे? सांगा ना, जिते हाय ना?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत, डोळे न उघडताच, चिखलातून उत्तर आलं,

"चारही जिते हाय! बसा गाडीत!"