दाजींचं गाऱ्हाणं आणि कावेरीचा फॉर्म

जामसंड्याजवळच्या त्या वाडीत दाजींचं गाऱ्हाणं म्हणजे शेवटचा शब्द. कुणाचं लग्न ठरो, नवी होडी पाण्यात उतरो, कुणी नोकरीला मुंबईला निघो; दाजी देवळात नारळ ठेवून देवाला सगळं नीट समजावून सांगणार आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून दुजोरा देणार. एकदा तो दुजोरा मिळाला की विषय संपला. दाजींचं गाऱ्हाणं तीस वर्षांत एकदाही फुकट गेलं नव्हतं. निदान दाजी तरी तसं सांगत, आणि फुकट गेलेली गाऱ्हाणी विसरून जाण्यात वाडी पटाईत होती.

याच गाऱ्हाण्यांनी त्यांचं घर मात्र रिकामं होत चाललं होतं. शिवा आणि लवू हे दोघे मुलगे त्यांनी गाऱ्हाणं घालूनच मुंबईला पाठवले. दोघांचं उत्तम चाललं आणि दोघे आता फक्त चतुर्थीला उगवत. राहिली धाकटी कावेरी. संध्याकाळी दाजींना पेपर वाचून दाखवायचा आणि वाचता वाचता प्रत्येक बातमीवरून त्यांच्याशी वाद घालायचा, हे तिचं काम. दाजी दिवसभर त्या वादाची वाट बघत.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन बसलेल्या कावेरीनं घाटावरच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. गुरुदास मास्तरांनी तो खास तिच्यासाठी मागवला होता. अकरावी-बारावी विज्ञान, राहणं-जेवण तिथंच. पालकाची सही हवी होती. दाजी आकांडतांडव करतील म्हणून ती धास्तावली होती, पण त्यांनी चहा निवायच्या आत सही ठोकून दिली.

“कागदार सही करूक काय जाता?” ते म्हणाले.

घोडं अडलं ते गाऱ्हाण्यापाशी. मंगळवारी दाजींना दिवस बरा वाटेना. बुधवारी नारळ लहान निघाला. गुरुवारी त्यांचा घसा बसला, आणि तो बसलेला घसा शेजारच्या बैलावर ओरडताना सगळ्या वाडीनं ऐकला.

“अगो, पेटीत टाकून मोकळी हो,” आई सुभद्रा वैतागली. “पोस्टमन काय गाऱ्हाणा इचारता?”

“नको गे आये. बाबांनी घातल्याशिवाय माका जाववाचा नाय.”

विज्ञान शिकायला निघालेली पोरगी गाऱ्हाण्यावाचून अडून बसली म्हणून मास्तर हसले. पण कावेरीला देवाचा होकार नको होता. तिला बाबांचा हवा होता, आणि तो कागदावर मिळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी सोमवार उजाडला. अकराच्या एसटीनं टपालाची थैली जायची, आणि आज फॉर्म गेला नाही तर मुदत चुकणार होती. सुभद्रेनं सकाळीच शेजारच्या यशोदेला आणि चार माणसांना गोळा केलं आणि दाजींना जवळजवळ ढकलतच देवळात आणलं. नारळ ठेवला, नारळापुढे फॉर्म ठेवला.

“बा देवा म्हाराजा! औंदा आंबो दिलंस, तसोच फुडल्या सालाक दी!”

“व्हय म्हाराजा!”

“आमची एश्टी वेळेर येवंदे!”

“व्हय म्हाराजा.” हे जरा पडेल आवाजात, कारण यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

“यशोदेच्या फणसार डोळो ठेवणाऱ्याची बुद्धी फिरव!”

“व्हय म्हाराजा!” यशोदेचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

दाजी गाऱ्हाण्यातच असे वाडीभर फिरत राहिले. साडेदहा वाजले. कावेरी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग त्यांचा आवाज खाली आला.

“आणि ह्या माझ्या चेडवाक, कावेरीक... कायम माझ्या डोळ्यांम्होर, घरातच सुखी ठेव!”

“व्हय म्हाराजा!”

सवयीनं सगळे म्हणून गेले. कावेरीसुद्धा. तोंडातून शब्द सुटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

आता काय करायचं? एकदा ‘व्हय म्हाराजा’ झालेलं गाऱ्हाणं मागे घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दाजी खाली मान घालून उभे होते. देवापुढे त्यांना खोटं बोलता येत नसे, तिथंच सगळी पंचाईत झाली होती. त्यांनी मागे वळून कावेरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. वाद न घालणारी कावेरी त्यांना बघवेना.

त्यांनी पुन्हा हात जोडले.

“बा म्हाराजा, चुकला-माकला पोटात घाल, असा मी रोज दुसऱ्यांसाठी मागतंय. आज माझाच चुकला. आता मागलंय ता माझ्यासाठी, चेडवासाठी न्हय. ता परत घेतंय. तेका घाटार ने. शाळेत घे. शिकवन मोठा कर. मी कसोय ऱ्हवान.”

मघाशी फसलेले सगळे आता सावध झाले होते. ‘व्हय म्हाराजा’ एकट्या कावेरीनं म्हटलं, आणि फॉर्म उचलून ती पोस्टाकडे अशी धावली की तिची एक चप्पल देवळातच राहिली.

जूनअखेर शाळेचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन ती एसटीच्या थांब्यावर आली तेव्हा निम्मी वाडी मागून आली. गाडी वेळेवर आली, याचं श्रेय दाजींनी लगेच घेतलं. मग गाऱ्हाण्यासाठी त्यांनी घसा खाकरला.

“रवा बाबा,” त्यांना हातानं थांबवत कावेरी म्हणाली. “आज मी घालतंय.”

पोरीबाळींनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण गाडी उभी होती आणि रीतीवर चर्चा करायला वेळ नव्हता.

“बा देवा म्हाराजा! ह्यो माझो बापूस सगळ्यांसाठी मागता, आपल्यासाठी मागूक लाजता. तेका एकटा वाटूक देऊ नको. पेपर वाचून दाखवूक, वाद घालूक कोणतरी दी. आणि मी शिकान परत येयपर्यंत तेचो आवाज असोच खणखणीत ठेव!”

सगळे दाजींकडे बघत होते. कंडक्टरही दोरीला हात लावून थांबला होता.

तीस वर्षं ते दोन शब्द दाजींनी फक्त दुसऱ्यांकडून ऐकले होते.

“व्हय म्हाराजा,” दाजी म्हणाले, आणि कंडक्टरनं घंटी दिली.