वन्संचं ‘मेले’

चादरीचं एक टोक वहिनीच्या हातात होतं, दुसरं वन्संच्या. दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर तसाच पडला होता. चादर ताणून धरायची, झटकायची आणि मग घडी घालत एकमेकींकडे चालत यायचं, एवढंच काम. पण वन्सं चालत आल्याच नाहीत. त्यांच्या हातातलं टोक सुटून फरशीवर पडलं आणि त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

आता ‘मेले गं बाई’ येणार, म्हणून वहिनी थांबली. ते आलं नाही.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा लवकर गेला तशा त्या माहेरी परतल्या, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं आणि त्यावरच आयुष्य काढलं. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाची बाही सैल. हात मोजूनमापून चालायचा, तोंड मात्र कधीच नाही. सुई टोचली की जीव गेला, चहा निवला की घात झाला. गिऱ्हाइकाने जुना कोट पुढे केला की म्हणायच्या, “आधीच्या शिंप्याने खून पाडलाय हो या कापडाचा.” देवापुढे उभ्या राहिल्या तरी तेच. “देवा, मेले रे, कात्री कुठे ठेवली तेवढं आठवू दे.” देवाशी तरी बेताने बोलावं, असं वहिनीला सुरुवातीला वाटायचं. मग तिने मनाशी म्हटलं, रोज ऐकतोय तो, त्याला कळत असेल यातलं खरं किती ते.

कौतुकही त्याच मापाचं. परवाच भाचीचा नवा झगा पाहून त्या म्हणाल्या होत्या, “मरणाचा सुंदर दिसतोय.”

“आत्या, मरणाचा कुणी म्हणत नाही आता. जाम म्हणतात. नाहीतर डेंजर.”

“डेंजर सुंदर? कानाला बरं तरी वाटतं का ते?”

“आणि मरणाचा सुंदर बरं वाटतं?”

“ते मुरलंय.”

घरातल्या पुरुषाचा प्रकार तिसराच. वहिनीचा नवरा कचेरीत दिवसभर कागदांवर ‘अत्यंत तातडीचे’ असं लिहायचा, आणि घरी आला की त्याच्याजवळ फक्त ‘बरं’ शिल्लक असायचं.

“वन्सं, काय होतंय?” वहिनीने विचारलं.

“काही नाही गं. छातीत अंमळ दाटल्यासारखं वाटतंय.”

वहिनीने हातातलं टोक सोडून दिलं. अंमळ हा शब्द या घरात एकच माणूस वापरायचा, आणि त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचे सासरे. आपलं दुखणं चार आणे असेल तर एक आणा सांगायचं, ही त्यांच्या पिढीची सभ्यता. एका दुपारी ते म्हणाले, अंमळ कसंसंच होतंय, जरा पडतो. घरच्यांनी दार लोटून घेतलं, आवाज न करता वावरले. संध्याकाळी चहा घेऊन गेले तेव्हा फार उशीर झाला होता. वन्संनी हे वहिनीला एकदा मशीन चालवता चालवता सांगितलं होतं. “तेव्हाच ठरवलं, आपलं ओरडून सांगायचं. नख तुटलं तरी मेले म्हणायचं. माझ्या बाबतीत कुणी गाफील राहायला नको.”

शेजारच्या खोलीतून वर्तमानपत्रामागून भाऊ बोलला, “आज माणसात आलीस गं, ताई. एरवी एव्हाना अख्खा जिना गोळा झाला असता.”

वन्संनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणाऱ्या वन्सं वहिनीने पाहिल्याच नव्हत्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता.

तिने दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने आवाज ओळखला. “शिवणवाल्या ताई ना? आज कशाने मेल्या?”

“आज मेले म्हणत नाहीयेत, म्हणून तर फोन केला.”

तो हसला. “मग बरंच आहे की. फार दुखतंय का विचारा.”

वहिनीने तसं विचारलं. वन्सं आतूनच म्हणाल्या, “फार नाही म्हणावं. डॉक्टरांना उगाच त्रास नको.”

उचकी लागली म्हणून डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवणारी बाई ही. कंपाउंडरला मात्र दिलासा मिळाला. संध्याकाळी सावकाश घेऊन या, म्हणाला, आणि फोन ठेवला.

वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “अहो, उठा. वन्संना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता.”

“अगं, ती स्वतः सांगतेय ना, फार नाही म्हणून?”

“तेच तर. अंमळ म्हणाल्या त्या. तुमचे बाबा असंच म्हणाले होते.”

वर्तमानपत्र खाली आलं. तो दारापर्यंत आला आणि बहिणीकडे बघत राहिला. मग जवळ जाऊन उकिडवा बसला. त्याचा आवाज लहान भावाचा झाला होता. “ताई, एकदा मेले म्हण ना.”

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द जुळायला वेळ लागला.

“नको रे,” त्या म्हणाल्या. “बोलायला अंमळ जड जातंय.”

त्याने बहिणीच्या पाठीशी उशी लावली, तिची चप्पल पायाशी सरकवली आणि बायकोकडे मान वर करून बघितलं. त्याच्या तोंडून ‘बरं’सुद्धा निघालं नाही. वहिनीने पदर खोचला आणि तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला बोलवायला ती जिना उतरू लागली.