साबणदाणीतला रेग्युलेटर

माझ्या सासूला उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नसे आणि डाव्या कानानं कुणी ओरडलं तरच. लग्न होऊन मी सौंसरहून पांढुर्ण्याला आले, तेव्हा मला वाटलं, वय झालं असेल. मग एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता तिनंच सांगितलं.

"हा फावड्याच्या दांड्यानं गेला, एका दणक्यात," उजव्या कानाला हात लावून ती म्हणाली. "हा डावा थापडा खाऊन खाऊन गेला. तुह्या सासऱ्याचा हात लय जड होता."

सासरा मरून बरीच वर्षं झाली होती. त्याचा हात मात्र घरातच राहिला होता. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. मी आता त्याला 'तो' म्हणते, तेव्हा 'ते' म्हणायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावांची गोटमार, म्हणजे दगडफेक, व्हायची, त्यात त्याच्या कपाळाला खोक पडली होती, आणि ती खोक तो लोकांना केस मागे सारून दाखवायचा. मला पहिल्यांदा मारलं ते भाकर गार होती म्हणून, उलथण्यानं, मनगटावर. दुसऱ्यांदा कशासाठी मारलं ते मला आठवत नाही. पुढं पुढं कारण लागायचंच नाही. जिनिंगचा पट्टा तुटला तरी मार, मुकादम बोलला तरी मार.

माझे बाबा सौंसरला नगरपालिकेच्या पंपावर होते. पाळी संपली की घरी रेडिओ दुरुस्त करायचे. घरात मीच एक लेकरू. म्हणून डाग द्यायची कैची, म्हणजे टोक तापणारी विजेची सळई, माझ्या हातात फार लवकर आली. 'कैची' बाबाच म्हणायचे, बाकीचे लोक सोल्डरिंग म्हणायचे. लग्नात मी भांड्यांच्या पेटीत तळाला माझी कैची, डाग द्यायचं रांगं आणि पत्र्याच्या डब्यात भरलेले सुटे भाग घेऊन आले होते. नवऱ्याला ते माहीत होतं. "ठेव तिकडं," इतकंच तो म्हणाला होता.

मी सासूला आत्या म्हणायची. तिला गाण्याचा नाद होता. विहारात बायका गाणी म्हणायच्या तेव्हा ती पुढं जाऊन बसायची आणि त्यांच्या तोंडाकडं बघून टाळी द्यायची. एक ठोका मागं. मला ते बघवेना. डॉक्टरकडून कानाचं यंत्र आणायचं मी एकदा नवऱ्याजवळ काढलं. तो म्हणाला, "म्हातारीले काय ऐकाचं राह्यलं?"

मग मीच करायला घेतलं. रेडिओला जोडायचा एक छोटा अॅम्प्लिफायर, आणि टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधून काढलेला कानाचा तुकडा. सेलवर चालवलं असतं, पण सेल मागितले की कशाला हा प्रश्न यायचा. म्हणून घरच्या विजेवर. आणि पांढुर्ण्याची वीज तेव्हा अशी की शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दिवा लाल व्हायचा आणि बंद झाल्या की भडकायचा. ते सगळं तारेतून आत येऊन अॅम्प्लिफायरात घूं करून बसायचं. धडधाकट कानाला तेवढं चालून जातं. पण आत्याचा कान उघडायला आवाज इतका वाढवावा लागायचा की गाण्याबरोबर घूंही तेवढीच वाढायची.

"अवं, हा भुंगा बंद कर नं आंधी," ती ओरडायची. बहिरी माणसं ओरडतात तसं. "गानं मागून आयकीन."

म्हणून वीज एकसारखी करून देणारा रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर, व्होल्टेज धरून ठेवायला झेनर आणि एक जाडजूड ट्रान्झिस्टर. तो तापू नये म्हणून त्याला विटेएवढी, उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमच्या पात्यांची पंखेरी. हे सगळं मी एका खोक्यात ठोकलं. घूं गेली, पण तिच्या जागी बारीक फुसफूस आली. ती झेनरचीच असते. झेनर आणि ट्रान्झिस्टरच्या मधे मी एक रेझिस्टर घातला, तिथून अर्थला एक कपॅसिटर टाकला, आणि ती फुसफूस तिथंच मुरली. आत्यानं तुकडा कानाला लावला.  मग मान हलायला लागली, आणि ठोका बरोबर पडायला लागला.

ते बघत असतानाच नवरा आत आला. जिनिंगचं मशीन बिघडलं होतं म्हणून सगळ्यांना दुपारीच सुट्टी दिली होती, आणि तो वाटेत पिऊन आला होता. खोलीत रांग्याचा धूर होता, चूल थंड होती, आणि त्याची आई डोळे मिटून डोलत होती.

"काय लावलं हे? घर हाय का कारखाना?"

मी उठायच्या आत त्यानं खोकं उचललं आणि भिंतीवर फेकलं. फळ्या फुटल्या. ट्रान्सफॉर्मर तारांनी लोंबत होता, तो त्यानं तारांनीच धरून गरगर फिरवला आणि माझ्यावर सोडला. ट्रान्सफॉर्मर म्हणजे नुसतं लोखंड. तो गळ्याच्या खाली, हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. काटकी मोडावी तसा. आत्या मधे पडली तर त्यानं तिला ढकललं. ती जात्यावर पडली. मग तो पंखेरीवर उभा राहून टाचेनं ती तुडवत राहिला. मी भिंतीला पाठ लावून खाली सरकत गेले.

बाबा येऊन मला सौंसरला घेऊन गेले. हात गळ्यात, खांदा बांधलेला. समाजाची चार माणसं बसली. नवऱ्यानं सगळ्यांसमोर कान पकडले. "पुन्हा नाही होनार," म्हणाला. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "एक डाव अजून जाय, बाई. संसार हाय."  घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुले जायाचं नसन तं नको जाऊ. मी हाव."

मी गेले. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी गेली. पण मला आत्याची ती हलणारी मान दिसायची. जायच्या आधी मात्र बाबांकडं बसून मी दुसरा रेग्युलेटर बांधला. एक हात चालत नव्हता, म्हणून बाबा चिमट्यानं भाग धरायचे आणि मी डाग द्यायची. या वेळी तो लहान व्हायलाच हवा होता. मोठी वस्तू दिसते, आणि दिसली की फुटते. मोठ्या ट्रान्झिस्टरची गरजच नव्हती, कानात घालायच्या बारक्या बोंडाला वीज लागते किती! मी बारका ट्रान्झिस्टर घेतला, कपॅसिटर आडवे निजवले, रेझिस्टर उभे केले, सगळ्या अर्थच्या तारा एकाच ठिपक्यावर आणल्या. बारका अॅम्प्लिफायर आणि बटणाएवढा एक माइकही घातला, घरातलं बोलणं ऐकू यावं म्हणून. त्या माइकला वीज फारच स्वच्छ लागते, नाहीतर भुंगा परत. हे सगळं प्लास्टिकच्या साबणदाणीत बसलं. ट्रान्सफॉर्मर जवळ ठेवला तर त्याचीच घूं येते, म्हणून तो लांब तारेच्या टोकाला, ज्वारीच्या कोठीमागं ठेवायचं ठरवलं.

बाबांनी बोंड कानात घातलं आणि माझ्याकडं बघितलं. "बंद हाय काय?" म्हणाले. मी माइकवर हलकं नख घासलं. ते दचकले.

पांढुर्ण्याला काही महिने बरे गेले. नवरा कामावर गेला की आत्या कोठीला टेकून बसायची, साबणदाणी पदराखाली, बोंड डाव्या कानात, वरून पदर डोक्यावर. मी भाजी चिरताना हळू आवाजात बोलायची आणि ती हळू आवाजात उत्तर द्यायची. ती हळू बोलू शकते हेच मला माहीत नव्हतं. एकदा म्हणाली, "तू रडतं तवा आवाज नाही करत. मी समजत होतो तू रडतच नाही." आमच्याकडं बायकाही 'होतो'च म्हणतात.

आणि मग ती सकाळ. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती, पण तो बाहेर गेला होता. मी मागच्या अंगणात, तिच्या उजव्या कानासाठी काही करता येतं का ते बघायला दुसरी डबी मांडून बसले होते. कैची तापलेली होती. मागचं दार उघडं होतं, तो पुढच्या दारानं आला ते मला तिथून दिसलं. आत्या पाठमोरी बसलेली. तिच्यामागून जाताना तो नेहमी जे पुटपुटायचा तेच पुटपुटला, "मरत बी नाही, म्हातारी."

आत्यानं मान वळवली. "मरीन," ती म्हणाली. "पन तुह्या सांगन्यानं नाही."

 मग पदर ओढल्याचा आवाज आला आणि आत्याची किंकाळी. मी धावत आत गेले तेव्हा त्याच्या हातात तार होती आणि आत्याच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. बोंड त्यानं हिसडून काढलं होतं. तो तिला लाथा मारत होता. स्वतःच्या आईला, पोटात.

"मले आयकत व्हती! चोरून आयकत व्हती!"

कैची माझ्या हातातच होती. अंगणातल्या सॉकेटमधून तिची तार केव्हा निघाली कळलं नाही. मी ती त्याच्या मानेवर टेकवली आणि दाबली. चर्र झालं. जळालेल्या मांसाचा वास आला, तो मला आजही तसाच येतो. तो फिरला, त्याच्या एका धक्क्यानं कैची लांब गेली, आणि हातातली तीच तार त्यानं माझ्या गळ्याभोवती घेतली. दोन पीळ. मी त्याच्या तोंडावर नखं ओढली, मानेच्या जळालेल्या जागी बोटं खुपसली. त्यानं पीळ आणखी आवळला. डोळ्यांपुढं लाल झालं. मोडलेलं हाड जिथं जुळलं होतं तिथं कळ उठली, आणि मग तीही कमी व्हायला लागली.

तेव्हा त्याचा गुडघा फुटला. मला आधी आवाजच आला. आत्यानं कोपऱ्यातलं मुसळ घेतलं होतं. तो खाली बसला, तार सुटली. आत्यानं दुसऱ्यांदा मारलं, त्याच गुडघ्यावर. तिसऱ्यांदा खांद्यावर. तो "माय वं, माय वं" करत होता. तिला ते ऐकू येत नव्हतं. ती मारतच होती, तोंड मिटून, कांडताना मारतात तसं, एका लयीत. मी खोकत खोकत जाऊन तिचे हात धरले.

"आत्या, बस झालं! मरन तो!"

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. "मरू दे," म्हणाली. पण मुसळ सोडलं.

शेजारी जमले. ठाण्यातून जमादार आला. आत्या दारात बसली होती, मानेवर रक्त वाळलेलं. ती इतक्या मोठ्यानं बोलली की गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. "मी मारलं! माह्या लेकाले मी मारलं! लिव!" जमादारानं इकडंतिकडं बघितलं, "आईच्या माराची कुठं तक्रार राहते का," म्हणाला, आणि नवऱ्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं.

मी त्याच दिवशी बसनं सौंसरला आले. या वेळी समाजाच्या बैठकीत मी गळ्यावरचा वळ दाखवला आणि फारकत मागितली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान खाली घातली. फारकत झाली.

आत्याला मी सोबत चल म्हटलं होतं. ती आली नाही. "घर माहं हाय," म्हणाली. "तो लंगडा झाला. भाकर तं मीच देईन. पन आता तो मले हात नाही लावत." आणि खरंच, त्यानं पुन्हा कधी लावला नाही, असं शेजारणींनी सांगितलं.

मी बाबांच्या पडवीत बसून काम करायला लागले. कॅसेटचे दिवस होते. रामाकोना, लोधीखेडा, तिगावकडचे हौशी लोक घरी अॅम्प्लिफायर बांधायचे आणि घूं आली की माझ्याकडं यायचे. मी त्यांना लहान रेग्युलेटर करून द्यायची. कुणी म्हणायचं, बाई, थोडा मोठा करा, डाग द्यायला जागा राहीन. मला मोठा करताच यायचा नाही. हात तसेच वळले होते.

दोनेक वर्षांनी आत्या मला भेटायला सौंसरला आली. ओढून काढलेला तो कान पिकला होता आणि त्यातलं उरलंसुरलं ऐकणंही गेलं होतं. मी नवी डबी तिच्या कानाला लावून बघितली, आवाज शेवटपर्यंत नेला, बोंड थरथरायला लागलं. तिनं मान हलवली, नाही. आम्ही जेवलो. मग मी तिला, इतके दिवस मनात होतं ते विचारलं, की माझ्यामुळं तुझं घर असं झालं याचा तुला राग आहे का. ती माझ्या ओठांकडं बघत होती, पण मी खाली बघून बोलले होते.

"औंदा संत्र्याले बहर लय आला," ती म्हणाली. "तुह्यासाठी आनाचे व्हते, पन बसमधी गर्दी व्हती."