शेजारचा रकाना

ताईला मनापासून किळस यायची ती दोन गोष्टींची: उष्ट्या चमच्याची आणि उघड्या ठेवलेल्या पासवर्डची.

धाकट्या भावाच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात रिपोर्ट ऑनलाइन बघायचे पेशंटचे पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले असत. तिथल्याच कुणीतरी ते वाचले आणि एका शिक्षिकेचे रिपोर्ट तिच्या शाळेत हातोहात फिरले. ती बाई त्या शाळेत पुन्हा दिसली नाही.

दवाखान्याचा डेटाबेस फुकटातला, जगभरच्या लोकांनी हौसेने लिहिलेला. त्यात हॅशची धड सोय नव्हती. हॅश म्हणजे, आत शब्द घातला की बाहेर अक्षरांचा असा चुरा पडावा, की त्यावरून शब्द पुन्हा कुणाच्या बापाला जुळवता येऊ नये. नोकरीवरून आल्यावर ताई पदर खोचून तीच सोय लिहायला बसली. तो डेटाबेस सांभाळणाऱ्या जाणत्यांनी तिला वर्षभर खेटे घालायला लावले. कुणाला तिच्या कोडमधलं एखादं नाव खटकलं, कुणाला दोन ओळींमधली मोकळी जागा. एकाने तर लिहिलं, "जुनं चालतंय की."

"गळकी बादलीही चालते, अर्ध्या वाटेपर्यंत," ताईने उत्तर धाडलं.

अखेर तिचं काम डेटाबेसमध्ये गेलं. भावाने कौतुकाने बोलावलं, "ये, बघ, तुझंच वापरतोय." ताई ठेवणीतली साडी नेसून गेली. पडद्यावर चुऱ्याचा लांबलचक रकाना पाहून तिचे डोळे भरून आले. मग नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे सगळे पासवर्ड होते तसेच, उघडेनागडे.

"हे काय रे?"

"अगं, लोक विसरतात. फोन आला की रिसेप्शनवरची मुलगी सांगून टाकते. तेवढीच सेवा."

"दाराला कुलूप घातलंस आणि किल्ली तिथेच खिळ्याला अडकवलीस."

"तुझं आपलं काहीतरीच."

"त्या शिक्षिकेला विचार."

ताईने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "पुसतेय हा रकाना. बॅकअपच्या जुन्या प्रतींमधलाही."

"पेशंट वैतागतील, ताई. शिव्या मला खाव्या लागतील."

"खा."

तिने रकाना पुसला. तेवढ्यात फोन वाजला. रिसेप्शनवरच्या मुलीने रिसीव्हरवर हात ठेवला. "मॅडम, एक आजोबा पासवर्ड विचारतायत."

ताईने फोन घेतला. "आजोबा, तुमचा पासवर्ड इथे कुणालाच माहीत नाही. नाही, डॉक्टरांनाही नाही. नवा ठेवा, आणि तो मलासुद्धा सांगू नका."

पलीकडे आजोबांनी सांगायला सुरुवातही केली होती. उष्टा चमचा धरावा तसा ताईने रिसीव्हर कानापासून लांब धरला.