भंडाऱ्याची चिमूट

आमच्या खोलीत शिरायचं तर आधी अंगावरचं सगळं उतरवायचं. बांगड्या, अंगठी, टिकली, तोंडाची पावडरसुद्धा. मग कोपरापर्यंत हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मग टोपी, मास्क, वेगळ्या चपला, मागून बांधायचा गाऊन, आणि हातमोजे, एकावर एक दोन. कॅन्सरच्या पेशंटची औषधं मी तिथं काचेच्या कपाटात हात घालून सलाइनमध्ये मिसळते. थेट रक्तात जाणारं औषध ते. त्यात घाण गेली तर आधीच पोखरलेला माणूस तापानंच जायचा. नव्या पोरींना मी हे इतकं डाफरून सांगते की मागून मला 'सोवळ्यातली सासू' म्हणतात. म्हणेनात का बापड्या!

दोन वर्षांपूर्वी माझी मायच आमच्या वॉर्डात आली. धर्मापुरीकडच्या माळावर मेंढरांमागं जन्म गेलेली बाई. पोटात दुखतंय हे तिनं वर्षभर कुणाला सांगितलंच नाही. तिचं औषध दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझं मन घेईना, म्हणून पहिले तिन्ही डोस मीच केले. दर वेळी बाहेरच्या बाकावर आबा, माझे वडील, मांडीवर घोंगडं घेऊन बसलेले असायचे.

चौथ्या डोसच्या दिवशी माय सकाळपासून मलूल होती. मी कपाटात हात घालून तिचं औषध सिरिंजमध्ये ओढत होते. दाराशी बसणाऱ्या मावशी चहाला उठल्या होत्या, तेवढ्यात मागं दार वाजलं. वळून बघते तर आबा, धुळीनं भरलेल्या वहाणांसकट आत, आणि मूठ मोकळी झालेली. खंडोबाचा भंडारा. आमच्यात तो नुसता हातावर देऊन भागत नाही, उधळावा लागतो. माझ्या पाठीवर, बाह्यांवर, कपाटाच्या आत, उघड्या बाटलीपाशी हळदच हळद.

सगळं फेकून द्यावं लागलं. मायचं औषध आणि शेजारी मांडलेलं आणखी दोघांचं. खोली धुवायला बंद केली. त्या दोघांचं संध्याकाळपर्यंत जमलं, पण मायचं औषध छत्रपती संभाजीनगरहून मागवायचं होतं, त्याला चार दिवस लागणार होते.

मी गाऊन ओरबाडून काढला आणि वॉर्डाच्या दारात, लोकांदेखत, बापावर ओरडले.

"आबा, तुमी मायचं औषध मातीत घातलं. तिला काही झालं तर ते तुमच्या हातानं झालं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. आबांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि भिंतीला लागून उभे राहिले.

माय तिसऱ्या दिवशी गेली. औषध यायच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं की रोग यकृतात पसरला होता, तो डोस मिळाला असता तरी फरक पडला नसता. मला ते पटलं. रोज हेच बघते मी. आबांना हे त्याच घडीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. राग धरून बसले, तेरा दिवस. बाप समोर वाळत चाललाय हे दिसत होतं, तरी बसले. लिहितानाही लाज वाटते.

तेराव्याची पंगत उठल्यावर मी मेंढरांच्या वाड्यापाशी त्यांच्याजवळ जाऊन बसले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. म्हटलं, आबा, तुमचा दोष नव्हता, मायच्या औषधावर देवाचा भंडारा पडावा असं वाटलं, त्यात वाईट काय?

"औषधावर न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुज्यावर टाकायचा व्हता. मायनंच धाडलं व्हतं मला. म्हणली, लेक रोज त्या इखात हात घालती, तिला काय हुऊ नये."

चौथ्या डोसच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, दोन-दोन मोजे कावून घालतीस गं? मीच हसत सांगितलं होतं की हे औषध तुला बरं करतं, पण आमच्या अंगावर सांडलं तर आम्हालाच बाधतं. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकली असेल.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत मला?" मी म्हटलं. "मी एवढं बोलले तुम्हाला."

"वॉर्डाचं दार उघडं व्हतं. तुजी माय जागी व्हती. मी तोंड उघडलं असतं तर तिला वाटलं असतं, आपल्या पायीच औषध गेलं."

ते एवढं बोलून मेंढरांकडं बघत बसले. दार उघडं होतं, म्हणजे माझं ओरडणं तिनं ऐकलं होतं. त्यानंतरचे तीन दिवस मी तिच्या उशाशी होते, आणि आज सलाइन कावून लावलं न्हाई, असं तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं.