मामीचं आगळ आणि माझी बी.एस्सी.

चहा ओता, सांगतो. फक्त हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी तुम्हाला हसू येईल याची मला खात्री नाही. मला तर अजून येत नाही. माणसानं शेण खावं, पण निदान घरात, दार लावून खावं! मी खाल्लं ते शाळेच्या हॉलमध्ये, सरकारी साहेबांसमोर, अख्ख्या वाडीच्या साक्षीनं.

तेव्हा मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय पर्यावरण रसायनशास्त्र. या विषयाबद्दल आमच्या नातेवाइकांत दोनच समज होते. एक, हा झाडं लावतो. दोन, याला नोकरी लागणार नाही.

मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "सँपल भरायच्या आधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. तीनदा म्हणजे तीनदा." आम्ही मागच्या बाकावर हसलो. बाटली धुवायला तीन वर्षं कशाला हवीत? आमची आई हे फुकट शिकवते!

प्रोजेक्टला मी मामाच्या वाडीतला पऱ्ह्या घेतला. मामाची वाडी राजापूरच्या रस्त्याला, आत. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक कारखाना आणि खाली हा ओढा. रविवारी सरकारी ऑफिसं बंद असली की पऱ्ह्याच्या पाण्याला नाकात जाणारा वास यायचा, सोमवारी साहेब कामावर यायच्या आत गेलेला असायचा. गुरं तेच पाणी पीत, मामाच्या कलमांना तेच जाई आणि मामीच्या विहिरीतही तोच पाझर. मामानं तीन वर्षं अर्ज केले. दरवेळी एकच उत्तर, 'पुरावा सादर करावा.'

आणि आता पुरावा करणारा भाचाच घरचा! मामा म्हणाला, "बाबू, आमचा जो काय भरवसा हाय तो तुझ्यावर."

कॉलेजनं मला एकच बाटली दिली होती. पांढरी, जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची. शनिवारी मुक्कामाला गेलो, बाटली ओट्यावर ठेवली आणि झोपलो. आता तुम्हीच सांगा, कोकणात घट्ट झाकणाची रिकामी बाटली ओट्यावर ठेवून कोणी झोपतं का?

सकाळी मामी खुशीत. "बाबू, बाटली भरून ठेवलीय हो. तुझ्या आवशीला दे. झाकण काय घट्ट हाय, एक थेंब गळायचा नाय!"

"काय भरलंस?"

"आगळ."

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून काढलेला दाट रस. आंबट, खारट आणि लालभडक. प्रदूषणाच्या परीक्षेत पहिला नंबर काढायला जे जे लागतं ते सगळं त्यात.

"मामी, ती कॉलेजची बाटली आहे! सँपलची!"

"मग कॉलेजात दे. तुझ्या मॅडम काय सोलकढी पीत नायत?"

मी चडफडत आगळ परत बरणीत ओतलं आणि पऱ्ह्यावर पळालो. त्या दिवशी पाण्याला वास होता बरं का! डोळे चुरचुरत होते. अगदी हवा तसा रविवार. पण दगडांवर शेवाळ, माझे बूट नवे आणि दहाची एसटी. बाटली एकदा पाण्यात बुचकळली, हलवली, ओतली, भरली. एकदा. एसटीत बसून वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाटली नमुन्याच्या पाण्याने तीन वेळा विसळली.'

सोमवारी लॅबमध्ये पाणी चंचुपात्रात ओतलं तर काय, गुलाबी झाक! पीएच पाहिला तर पाणी आंबट. क्लोराइडचं, म्हणजे मिठाचं, टायट्रेशन लावलं तर ब्युरेटची नळी रिकामी होत आली तरी रंग बदलेना. मला आनंदानं घाम फुटला.

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "तीनदा विसळली होतीस?"

"हो मॅडम."

"तरी पुढच्या रविवारी दुसरं सँपल आण. एकावरून काही बोलायचं नाही."

"हो मॅडम."

तेव्हाच कोकम आठवायला हवं होतं की नाही? आठवलं हो! अगदी पुसटसं. पण इतका सुंदर निकाल हाती आलेला असताना असल्या गोष्टी कोण आठवत बसतो? मी निकालाचा फोटो मामाला पाठवला. मामानं वाडीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पऱ्ह्यात ॲसिड होतं, दुसऱ्या दिवशी विष. लोकांनी गुरं दुसऱ्या पाणवठ्यावर न्यायला सुरुवात केली. मुंबईच्या चाकरमान्यांनी साहेबांना फोन लावले. जे तीन वर्षांत झालं नव्हतं ते माझ्या एका फोटोनं झालं. सुनावणी लागली!

मधले दोन रविवार मी दुसरं सँपल आणायला गेलो नाही. एका रविवारी क्रिकेटची मॅच होती. दुसऱ्या रविवारी काही नव्हतं, नुसती भीती होती.

सुनावणीला शाळेचा हॉल भरला. मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता, मांडीवर दोरी बांधलेली फाईल. कारखान्याचा माणूस नम्र, हसरा. साहेबांनी माझा कागद वाचला.

"पाण्यात एवढं मीठ? समुद्र किती लांब इथून?"

"डोंगराच्या पलीकडं, साहेब," मामा म्हणाला.

कारखान्याचा माणूस हळूच म्हणाला, "आणि आमच्याकडं तर मीठ लागतच नाही."

"मग हे मीठ आलं कुठून?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशात रुमाल शोधायला लागलो. पोराची फजिती होतेय हे बघून मागच्या रांगेतून मामी उठली. मला वाचवायला!

"साहेब, पोराला बोलू नका. मीठ माझं हाय."

साहेब मामीकडं वळले.

"त्या बाटलीत आगळ मीच भरलं होतं. यंदा मीठ जरा जास्तच पडलं. यानं ते परत बरणीत ओतलान."

"पण बाटली नंतर तीनदा धुतली ना यानं? इथं तसं लिहिलंय."

"छे हो! मी धुणं घेऊन मागनंच गेले होते. एकदाच बुचकळलान आणि पळाला एसटीला!"

असा हशा उठला म्हणता! साहेब हसले, कारखान्याचा माणूस डोळे पुसत हसला, वाडीतली पोरंसुद्धा हसली. मामा हसला नाही. त्यानं फाईलची दोरी पुन्हा बांधली, गाठ मारली आणि ती गाठच बघत बसला. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग साहेबांनी स्वतःचं सँपल घ्यायचं ठरवलं. बुधवारी, आधी कळवून. पाणी कसं असणार? कारखान्याच्या माणसानं ओंजळभर पिऊन दाखवलं. मामाला शेवटचं पत्र आलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.'

माझ्या रविवारच्या बाटलीत ते तथ्य होतं. खरंखुरं, डोळ्याला चुरचुरणारं. मी त्यात कोकम मिसळलं. आणखी दोनदा विसळायला किती वेळ लागला असता? तुमचा हा कप रिकामा करायला लागेल त्याहून कमी. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या वहीतलं 'तीन वेळा' फक्त लाल पेनानं खोडलं आणि वही परत दिली. पास झालो मी. त्याचीच जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी एका रविवारी मामाचा फोन आला. "बाबू, पऱ्ह्यात मासे उलटे झालेत. बाटली घेऊन ये."

मला वाटलं नव्हतं तो मला पुन्हा बोलावेल. धावत गेलो. बाटली पाचदा विसळली, मामी काठावर उभी राहून बोटांवर मोजत होती. मेलेले मासे पायाला लागत होते. बाटली भरली, चिठ्ठी लावली, फॉर्म काढला. 'नमुना घेणाऱ्याची सही' अशी जागा होती. मी पेन उघडलं, तेवढ्यात मामानं माझा हात धरला.

"सही तू नको करू."

"मग कोण करणार?"

"तुझी मामी. त्या साहेबांना आख्ख्या वाडीत एकाच माणसाचं बोलणं खरं वाटलं होतं."

चौथी शिकलेल्या मामीनं पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर लावून सही केली. खाली 'मदतनीस' म्हणून एक ओळ होती, ती माझ्या वाट्याला आली. मी नाव लिहिलं आणि पुढं बी.एस्सी. लिहायला लागलो, तर मामा घाईघाईनं म्हणाला,

"ते नको रे लिहू. उगाच त्यांना संशय येईल."